शेजारच्या आजोबांची एम-१ कार्बाइन: पार्ट पाच-सहा कारखान्यांचे, मग योग्य किंमत कशी ठरवायची?

टूलरूम (डेटन, ओहायो)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण अर्धी माहिती देऊन पूर्ण उत्तर मागणं बरं नाही, म्हणून सगळंच लिहितो.

आमच्या समोरच्या घरातले आजोबा मार्चमध्ये गेले. एकोणीस वर्षांचा शेजार. मी इथे नवा होतो तेव्हा दारातला बर्फ कसा काढायचा इथपासून त्यांनी मला शिकवलं. गेल्या रविवारी आजींनी बोलावलं आणि कपाटातून ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एम-१ कार्बाइन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची आखूड रायफल, काढून समोर ठेवली. म्हणाल्या, "तुला हवी असेल तर तू घे. एक जण बघून गेला. पार्ट एकमेकांशी जुळत नाहीत, ही नुसती जुळणी आहे, चारशे डॉलर देतो म्हणाला."

मला ती घ्यायची आहे. पण आजींना जे मिळायला हवं ते मिळालंच पाहिजे. दोन वर्षांनी कळलं की मी कमी पैसे दिले, तर समोरच्या खिडकीकडे बघायची लाज वाटेल. म्हणून आधी तुमच्याकडे आलो.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे उत्तर कुठल्या पातळीवर द्यायचं ते कळेल. वडील खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत गेज तपासणीला होते. मी टूल अँड डाय मेकर, इथल्या एका वर्कशॉपमध्ये. माप घेता येतं, मशीनिंगच्या खुणा वाचता येतात. जुन्या बंदुकांच्या बाजाराचं मात्र काहीच कळत नाही.

रिकामी आहे याची दोनदा खात्री करून जेवढं हाताने सुटतं तेवढंच सोडलं. जे दिसलं ते असं:

रिसीव्हरवर (बंदुकीचा मधला मुख्य भाग, ज्यात बाकीचे पार्ट बसतात), मागच्या साइटच्या मागे ‘नॅशनल पोस्टल मीटर’ आणि खाली सिरियल नंबर. नंबर इथे देत नाही. बॅरलवर ‘अंडरवुड’, त्याखाली ५-४३ आणि ज्वाळा निघणाऱ्या बॉम्बची खूण. स्लाइडवर ‘एस’ आणि ‘जी’, दोन्ही अक्षरांच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी टिंबं. हॅमरवर ‘डब्ल्यू’. बोल्ट वरून गोल, त्यावर ‘बी’. ट्रिगर हाउसिंगवर ‘आय’. लाकडी दस्त्यात पट्टा अडकवायची जी खाच असते तिच्या आत ‘ओआय’. दस्त्याच्या डाव्या अंगाला चौकटीत ‘आरआयए’ आणि खाली ‘ईबी’. मागची साइट स्क्रूने डावी-उजवी होणारी. पुढच्या बँडला संगीन लावायचा कान आहे. सेफ्टी फिरवायची आहे, दाबायची नाही.

नळी आतून चकचकीत. रायफलिंगच्या कडा टोकापर्यंत धारदार दिसतात. माझ्याकडच्या पिन गेजपैकी ३०० थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन तोंडातून सुळकन आत जाते, ३०२ ची जेमतेम टेकते.

दोन प्रश्न. एक, खरोखर ही ‘जुळणी’ म्हणून कमी किमतीची आहे का? दोन, नॅशनल पोस्टल मीटरचे पार्ट शोधून मी हळूहळू ती एका कारखान्याची करावी का? बाजारात सुटे पार्ट मिळतात असं दिसलं, आणि ते बसवायला मला कुणाची मदत लागणार नाही.

हो, एक राहिलं. ब्लँकेटमध्ये एक पिवळा पडलेला घडी केलेला कागद होता, आर्मीचं काहीतरी, १९६३ चा. घडीवर फाटत होता म्हणून पूर्ण उघडला नाही, आजींकडेच ठेवलाय.

---

अक्रोड (पिट्सबर्ग)

टूलरूम, सगळ्यात आधी तो कागद जपा. आणखी उघडू नका, दुमडू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका. त्याच्याकडे शेवटी येतो.

जो माणूस बघून गेला तो जर्मन माउझरचा नियम अमेरिकन कार्बाइनला लावून गेला. के-९८ या माउझर रायफलीवर बोल्ट, बँड, साइट, अगदी काही स्क्रूंवरसुद्धा रायफलच्या नंबराचे आकडे मारलेले असतात. तिथे ‘नंबर जुळतात का’ हा पहिला प्रश्न, आणि तिथे तो बरोबरच आहे. एम-१ कार्बाइनवर सिरियल नंबर फक्त रिसीव्हरवर असतो. बाकीच्या पार्टवर असतात ते कारखान्यांचे संकेत. त्यामुळे जुळायला मुळात नंबरच नाहीत. इथे विचारायचं ते वेगळं: पार्ट मिसळले ते कोणी आणि कधी?

मिसळायच्या तीन वेळा असतात.

पहिली, कारखान्यातच. १९४२ ते १९४५ मध्ये या कार्बाइन साठ लाखांच्या वर बनल्या. मुख्य कंत्राटदार दहा, आणि त्यांत आधीपासून बंदुका बनवणारा एकटा विंचेस्टर. अंडरवुड टाइपरायटरवाले, आयबीएम ऑफिसच्या यंत्रांचे, रॉक-ओला ज्यूकबॉक्सवाले, सॅगिनॉ जनरल मोटर्सचा स्टिअरिंग गिअरचा विभाग, तुमच्या डेटनचं इनलँड हेही जनरल मोटर्सचंच. नॅशनल पोस्टल मीटर म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची, टपालाचे शिक्के मारणारी यंत्रं बनवणारी कंपनी. यांतल्या काही जणांकडे खोल नळी ड्रिल करून रायफलिंग काढायची यंत्रंच नव्हती. म्हणून अंडरवुडसारखे कारखाने स्वतःपुरत्या नळ्या करून वर इतरांनाही पुरवायचे. सगळ्या कंत्राटदारांची मिळून एक समिती होती. एकाकडे हॅमर कमी पडले की दुसऱ्याकडून पाठवायचे, असेंब्ली लाइन थांबू द्यायची नाही.

म्हणजे नॅशनल पोस्टल मीटरच्या रिसीव्हरवर १९४३ च्या मे महिन्याची अंडरवुडची नळी, हे बघून त्या माणसाने नाक मुरडलं असेल, तर नेमकं तेच जोडपं मूळ कारखान्यातलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या कार्बाइनचा गाभा शाबूत आहे.

दुसरी वेळ, आर्सेनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रांच्या कारखान्यात. युद्ध संपल्यावर सैन्याने कार्बाइन सोडून, धुऊन, तपासून परत बांधल्या. सोडलेले पार्ट पेट्यांमध्ये जमा, आणि बांधताना हाताला येईल तो चांगला पार्ट. कुठल्या कंपनीचा हे बघायला तिथे कुणालाही वेळ नव्हता, गरजही नव्हती. तुमच्या दस्त्यावरची चौकट म्हणजे इलिनॉयमधल्या रॉक आयलंड आर्सेनलचा शिक्का, खालची दोन अक्षरं तपासनिसाची. ‘ओआय’ म्हणजे ओव्हरटन या लाकूडकाम करणाऱ्या कंपनीने इनलँडसाठी बनवलेला दस्ता. ‘एसजी’ टिंबांसह म्हणजे सॅगिनॉचा ग्रँड रॅपिड्सचा कारखाना. ‘बी’ आयबीएम, ‘डब्ल्यू’ विंचेस्टर.

सुधारणाही त्याच वेळच्या. १९४३ च्या मध्याला कारखान्यातून निघालेल्या कार्बाइनला मागे उलटायची दोन पानांची साधी साइट असायची, एक पान १५० यार्डांचं, एक ३०० चं. सेफ्टी दाबायची असायची, आणि ती मॅगझिन सोडायच्या बटनाला इतकी खेटून की घाईत भलतंच दाबलं जाऊन मॅगझिन खाली पडायचं. म्हणून पुढे फिरवायची सेफ्टी आली. संगिनीचा कान तर त्याहून उशिराचा. तुमच्या कार्बाइनवर हे सगळं नंतरचं आहे, म्हणजे ती आर्सेनलमधून गेली हे नुसत्या शिक्क्यावरून नाही, अंगावरूनही कळतं.

हे महत्त्वाचं का, तर दस्ता दोन मिनिटांत बदलता येतो. शिक्का मारलेला दस्ता कुणीही कुठल्याही कार्बाइनला बसवू शकतो. तेव्हा शिक्का आणि धातू एकच गोष्ट सांगतात का ते बघायचं. भिंग घेऊन रिसीव्हरवर मागची साइट ज्या खाचेत बसते तिथे पाहा. साइट हलू नये म्हणून पंच मारून धातू दाबलेला असतो. जुन्या साइटसाठी मारलेल्या खुणा वेगळ्या जागी आणि आताच्या साइटच्या वेगळ्या, अशा दोन पिढ्या दिसल्या तर उत्तम. आणि गंज लागू नये म्हणून चढवलेला फॉस्फेटचा थर सगळ्या लहान पार्टवर एकाच रंगाचा आहे का तेही सांगा.

तिसरी वेळ, घरी. आजोबांनी किंवा त्यांच्या आधीच्या मालकाने चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी प्रदर्शनातून पार्ट आणून बसवले असतील तर. किंमत घटते ती इथे. आता तुमचा दुसरा प्रश्न परत वाचा. तुम्ही जे करू म्हणताय ते नेमकं हेच आहे. एका कारखान्याचे पार्ट जमवून केलेल्या कार्बाइनला लोक ‘करेक्ट’ म्हणतात. ती दिसते सुरेख, पण मूळची नव्हे. रॉक आयलंडच्या कामगाराने ज्या हाताने ती बांधली ते काम तुम्ही उलगडून टाकाल आणि ते परत कुणालाही करता येणार नाही. कृपया करू नका. दस्त्याला पॉलिश पेपरही लावू नका.

नळीबद्दल: अमेरिकन सैन्याने कार्बाइनचा दारूगोळा पहिल्यापासून गंज न आणणाऱ्या प्रायमरचा बनवला, कारण गॅसचा पिस्टन शिपायाला रोज सोडून पुसता येत नाही. म्हणून यांच्या नळ्या त्या काळच्या इतर रायफलींपेक्षा बऱ्याचदा चांगल्या सापडतात. तोंडाचं तुमचं माप उत्तम आहे. चेंबरकडची झीज मात्र पिन गेजने कळणार नाही, तिचं वेगळं गेज येतं. बोल्ट मूळचा नसल्यामुळे गोळी घालण्याआधी हेडस्पेस (बंद बोल्टपासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मोजून घ्या. ही काडतुसं तोंडाच्या कडेवर टेकतात, रिमवर नाही. तुम्हाला एवढं सांगितलं की पुरे. पिस्टनचा नट मात्र सोडू नका, तो पंच मारून पक्का केलेला असतो.

आणि कागद. १९६३ मध्ये सैन्याच्या नागरी नेमबाजी खात्याने नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना या कार्बाइन वीस डॉलरला विकल्या होत्या. तो कागद त्यातला असेल आणि त्यावरचा सिरियल नंबर रिसीव्हरशी जुळला, तर ही कार्बाइन सैन्याच्या डेपोतून थेट तुमच्या आजोबांच्या दारात आली. मधे कुणी नाही. मग ‘कोणी आणि कधी’चं उत्तर लेखी मिळालं.

चारशे हा भाव नाही. आर्सेनलमध्ये बांधलेली, चांगल्या नळीची, आयातीचा शिक्का (परदेशातून परत आलेल्यांवर मारतात तो) नसलेली कार्बाइन आज हजार डॉलरच्या वर जाते, कागद असेल तर आणखी वर. नक्की आकड्यासाठी लिलावांत *प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या* किमती बघा, मागितलेल्या नव्हे.

---

निवृत्त_आर्मरर (नाशिक)

मी ईएमईमध्ये, म्हणजे भारतीय सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, चोवीस वर्षं आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो. कार्बाइन हाताळली नाही, पण अक्रोड यांनी लिहिलेलं वाचताना आमचं वर्कशॉप डोळ्यांपुढे आलं.

आमच्याकडे ली-एन्फील्डचा नियम थोडा निराळा होता, तो सांगतो म्हणजे फरक कळेल. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट रिसीव्हरला बसवून मगच नंबर टाकलेला असतो, बोल्टच्या हँडलच्या मागे. दहा रायफली उघडल्या तर दहा बोल्ट ओळीने आपापल्या रायफलीपुढे. एकाचा दुसरीत गेला तर उस्ताद उभं करायचे, कारण हेडस्पेस बिघडते. ली-एन्फील्डच्या नंबर चार मॉडेलमध्ये तर बोल्ट हेडच शून्यापासून तीनपर्यंत मापांचं यायचं, झीज होईल तसं पुढचं माप लावायचं. पण बाकीचे पार्ट? बँड, साइट, मॅगझिन, ट्रिगर गार्ड? ईशापूरचे, इंग्लंडचे, कॅनडाच्या लाँग ब्रांचचे, अमेरिकेच्या सॅव्हेजचे, सगळे एका ट्रेमध्ये. गेज पास म्हणजे पास.

तेव्हा टूलरूम, तुम्ही ‘मिसळलेले पार्ट’ म्हणताय त्याला शिपाई ‘दुरुस्त झालेली रायफल’ म्हणतो. तुमच्या वडिलांसारख्या माणसांनी गेज लावून पास केलेला माल कुठल्याही कारखान्याचा असला तरी बसायलाच हवा, त्यासाठीच तर ती गेजं. सॅगिनॉची स्लाइड रॉचेस्टरच्या रिसीव्हरवर इतकी वर्षं सरकतेय, यात मला कमीपणा कुठेच दिसत नाही.

इथल्या वाचकांसाठी एक: हे वाचून कुणी गावाकडे जुनी थ्री-नॉट-थ्री शोधायला निघू नका. ते सैन्याचं बोअर (नळीचं माप), परवान्याचा कायदा कडक आहे.

---

हडसनकाठ

‘करेक्ट’वरून माझी गोष्ट. सात वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून विंचेस्टर कार्बाइन घेतली. उलटायची साइट, दाबायची सेफ्टी, बिनकानाचा बँड, चपटा बोल्ट, सगळं सुरुवातीच्या काळातलं. दोन हजार चारशे मोजले. घरी आणून महिनाभर नुसती बघत होतो.

मग एका जाणत्या माणसाने ती हातात घेतली आणि दस्त्याच्या पुढे बॅरलवर नखाने एक बारीक रेघ दाखवली. पूर्ण गोल फिरलेली, फॉस्फेट घासून झालेली. संगिनीच्या कानाच्या बँडला पुढे नळीभोवती कडं असतं, ते वर्षानुवर्षं हलून अशी रेघ पाडतं. म्हणजे कधीतरी या कार्बाइनवर तो बँड होता. आर्सेनलमधून गेलेली होती, आणि नंतर कुणीतरी तिचं वय मागे ढकललं होतं. साइटच्या खाचेत पंचाच्या खुणांची गर्दी होती. हँडगार्ड काढला तर आतलं लाकूड कोरं, ताज्या भुशाच्या रंगाचं. दस्ता नवीन बनवलेला, शिक्काही नवा.

ती रायफल वाईट नव्हती. तिला आहे तशी ठेवली असती तर मी आनंदाने आर्सेनलवाली म्हणून घेतली असती. मला राग येतो तो तिचा खरा इतिहास पुसला गेला याचा. कुठले पार्ट काढून टाकले ते आता कुणालाच कळणार नाही.

टूलरूम, अजून एक बघा. आजोबांच्या खोक्यात सुटे पार्ट असतील तर त्यांत एम-२ चा सिलेक्टर आणि त्याच्या जोडीचे पार्ट नाहीत ना? एम-२ म्हणजे सलग झाडणारं मॉडेल. त्याचा हॅमर किंवा स्लाइड आर्सेनलने एम-१ मध्ये घातलेली सर्रास दिसते, त्यात काही नाही. पण सिलेक्टरचा पूर्ण संच कार्बाइनबरोबर घरात असणं हा फेडरल कायद्याचा गंभीर मामला आहे. असलाच तर हात लावण्याआधी वकिलाला विचारा. आणि व्यवहार परवानाधारक दुकानातून कागदावर करा, आजींच्या दृष्टीनेही ते बरं.

---

टूलरूम (डेटन, ओहायो)

काय बोलू, सगळ्यांचे मनापासून आभार. आर्मरर काका, तुमचं उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. वडील असते तर त्यांनी ‘गेज पास म्हणजे पास’ हे वाक्य परत वाचायला लावलं असतं.

काल आजींकडे जाऊन आलो. दहापट भिंग आणि आडवा टॉर्च घेऊन गेलो होतो. साइटच्या खाचेत पंचाच्या खुणांचे दोन गट आहेत, एक स्पष्ट आणि एक फॉस्फेटखाली दबलेला. म्हणजे जुनी साइट काढली, नवा थर चढला, मग नवी साइट बसली. क्रम अगदी वाचता येतो. बॅरलवर कड्याची रेघ नाही, कारण कडं अजून जागच्या जागीच आहे. थराचा रंग रिसीव्हर, बँड आणि ट्रिगर हाउसिंगवर सारखाच, किंचित हिरवट राखाडी. हॅमर थोडा काळा आहे. आयातीचा शिक्का कुठेही नाही. सुट्या पार्टांचा डबा होता, त्यात दोन मॅगझिन, एक तेलाची नळकांडी आणि कॅनव्हासचा पट्टा. सिलेक्टर वगैरे काही नाही.

कागद आजींनी टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून, एकेक घडी, अर्ध्या तासात उघडला. डेपोची पाठवणीची पावती आहे. सिरियल नंबर टाइप केलेला. मी एकेक आकडा वाचत गेलो आणि आजी रिसीव्हरवर चष्म्यातून बघत ‘हो’ म्हणत गेल्या. सातही जुळले.

---

अक्रोड (पिट्सबर्ग)

मग हिच्याबद्दल शंका अशी काही उरलीच नाही. १९४३ ला रॉचेस्टरमध्ये बनली, रॉक आयलंडला बांधली गेली, १९६३ ला तुमच्या गल्लीत आली. हॅमरचा रंग वेगळा असला तरी चालेल, पेटीतून तसाच उचललेला असणार. डब्यातल्या मॅगझिनवरचे संकेतही लिहून ठेवा, पण ती तिच्याबरोबरच राहू द्या. विकायची वेळ आली तरी पट्टा आणि नळकांडी वेगळी करू नका. काही लोक तेवढंच मागतील.

---

टूलरूम (डेटन, ओहायो)

महिनाभर विकल्या गेलेल्या किमती बघून, त्यांतल्या आयातीचा शिक्का असलेल्या आणि कागद नसलेल्या वगळून, मी आजींना बाराशे पन्नास सांगितले. कसे काढले ते वहीत लिहून दाखवलं, आणि म्हटलं की लिलावात याहून जास्तही मिळू शकतात, तुम्ही तिथे द्या, मी स्वतः नेऊन देतो. त्यांनी वही दोन दिवस ठेवून घेतली. त्यांच्या मुलाशी बोलल्या. काल दुकानात जाऊन रीतसर व्यवहार झाला.

एकच अडलं होतं. पावतीच्या तळाशी आजोबांची सही आहे, लग्नाच्या पुढच्याच वर्षाची. आजींना तो कागद सोडवेना, आणि मला तो रायफलीपासून वेगळा करवेना. शेवटी त्या म्हणाल्या, कागद रायफलीबरोबर जाऊ दे, पण मला त्याची प्रत हवी, त्याच आकाराची, घड्या दिसतील अशी. ती मी उद्या चांगल्या स्कॅनरवर करून, काच लावून त्यांना देतोय.

अक्रोड, मूळ कागद ठेवायला ॲसिड नसलेलं पाकीट घ्यायचं आहे. त्यात तो सपाट ठेवू की त्याच जुन्या घड्यांवर?